भिंतीकडची बाजू

मी पाटी बोलतेय. शाळेतली पाटी नव्हे, आणि विटा वाहायची तर मुळीच नव्हे. मी दारावरची पाटी. पितळेची, दोन हात लांब, वीतभर रुंद, चार कोपऱ्यांत चार भोकं असलेली. आपल्याच तोंडानं सांगू नये, पण ऊन पडलं की रस्त्यापलीकडचा न्हावी माझ्यामुळे डोळे मिचकावत दाढी करतो आणि मला शिव्या घालतो.

मन न लावता केलेल्या कामाला लोक 'पाट्या टाकणं' म्हणतात. हा शब्द कुणी काढला देव जाणे, पण मला त्याचा मनापासून राग येतो. पाटीसाठी एक माणूस किती मन लावू शकतो, हे मी अडतीस वर्षं अनुभवलंय. म्हणून तर आज बोलायला बसले.

माझा जन्म एका बोळातल्या दुकानात झाला. मला कोरणारा म्हातारा चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग तोच चष्मा दुकानभर शोधायचा. त्याच्या शेजारी एक टोपीवाले साहेब उभे होते. परदेशातून आलेले. त्यांच्या देशाचा प्रतिनिधी म्हणून या देशात राहायला आलेले ते पहिलेच. त्यांनी कागदावर आपल्या देशाचं नाव लिहून दिलं आणि त्याखाली एक शब्द लिहिला, 'वकिलात'. म्हाताऱ्यानं तो माझ्या पोटावर कोरला. कोरी होते, ती कोरलेली झाले.

वकिलात म्हणजे एका देशानं दुसऱ्या देशात मांडलेलं बिऱ्हाड. दोन दरबारांत बोलणी करणाऱ्याला पूर्वी वकीलच म्हणत. पण हे आता कुणाला ठाऊक? काळा कोट घालून कोर्टात भांडतो तो वकील, एवढंच लोकांना माहीत. इथूनच सगळी गंमत सुरू झाली.

आमचं पहिलं बिऱ्हाड कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. एक टेबल, एक टंकयंत्र, तीन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. गॅलरीतला झेंडा वाऱ्यानं खाली लोंबायचा, तेव्हा दुकानातली गिऱ्हाइकं म्हणायची, "ते वरचं कापड जरा दाखवा हो." आणि जिन्याच्या तोंडाशी मी. मला वाचून लोक वर यायचे, कोर्टाची कामं घेऊन.

एकदा एक बाई आली. दिरानं अंगणात भिंत घातली म्हणून रागानं लाल झालेली. दाराशी पंचविशीचा शिपाई उभा होता.

"वकील आहेत का?" तिनं विचारलं.

"आहेत की," शिपाई म्हणाला. खोटं नव्हतं ते. आमचे टोपीवाले साहेब वकीलच होते.

साहेबांनी तासभर ऐकून घेतलं. शिपाई मध्ये बसून दोघांना एकमेकांचं बोलणं समजावत होता. शेवटी साहेब म्हणाले, "दिराला घेऊन या. दोघांना चहा पाजू." पंधरा दिवसांत त्या भिंतीत दार झालं. दोन देशांमधली बोलणी पुढे सरकायला मात्र साडेतीन वर्षं लागली.

तो शिपाई म्हणजे आमचे काका. तेव्हा त्यांना काका म्हणत नसत, पण मला ते पहिल्यापासून काकाच वाटतात.

दहा वर्षांनी दोन्ही देशांचं सूत जमलं. वकिलातीचा राजदूतावास झाला. राजदूतावास म्हणजे मानाची एक पायरी वर. बाग असलेला बंगला मिळाला. आता पाटी बदलायला हवी होती. काका मला त्याच म्हाताऱ्याकडे घेऊन गेले. त्यानं कपाळावरचा चष्मा शोधला, मला उलटी केली आणि म्हणाला, "हिची पाठ अजून कोरीच आहे की! नवी कशाला?" झालं. माझ्या पाठीवर देशाच्या नावाखाली 'राजदूतावास' आला आणि 'वकिलात' भिंतीकडे तोंड करून गप्प बसली.

काका बंगल्याचे रखवालदार झाले. फाटकाला लागून दोन खोल्या, तिथे ते, काकू आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. शिपाई असल्यापासूनच्या सवयीनं दर सोमवारी सकाळी काका चार स्क्रू काढायचे, मला मांडीवर घ्यायचे, आणि लिंबाची फोड नि जुन्या गंजीफ्रॉकचा तुकडा घेऊन घासायचे. आधी पुढची बाजू, मग मागची. मागचीसुद्धा तेवढाच वेळ. मुलगी समोर बसून माझ्यात बघून वेण्या घालायची.

एकदा राजदूतांनी हे पाहिलं. "मागची बाजू कशाला घासता? कोण बघतं ती?"

"भिंत बघते की, साहेब," काका म्हणाले.

साहेब हसत आत गेले. काकूंना मात्र हसू येत नसे. "त्या पाटीला जेवढं घासता, तेवढी माझी भांडी घासली असतीत, तर मी जन्मभर तुमच्या पाया पडले असते," त्या ओट्यावरून ऐकवायच्या. माझा आणि काकूंचा छत्तीसचा आकडा होता. सवतच म्हणायच्या मला.

सतरा वर्षं अशी गेली. या काळात एक तरुण लेखनिक दूतावासात आला. परदेशी, पण इथली भाषा मन लावून शिकणारा. दिवसातून दहा वेळा फाटकाशी येऊन मला वाचायचा. माझ्यावर शब्द चार. त्यात एवढं वाचण्यासारखं काय होतं? मी आपली फुशारत होते. मग लक्षात आलं, काकांची मुलगी फाटकाच्या पायरीवर बसून कॉलेजचा अभ्यास करायची. पुढे त्यांचं लग्न झालं. दूतावासाच्या बागेतच झालं. काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदा मला पदरानं पुसलं.

आणि त्याच वर्षी दोन्ही देशांचं बिनसलं.

कशावरून, ते मला नीट कळलं नाही. समुद्रातली एक होडी कुणाच्या हद्दीत शिरली, म्हणत होते. होडीत चार माणसं आणि थोडी मासळी. पण राईचा पर्वत झाला. तीन दिवसांत देश सोडा, असा हुकूम आला. बागेत पिंपात कागद जाळले. काळ्या राखेची फुलपाखरं माझ्यावर येऊन बसत होती. लेखनिकाला जायलाच हवं होतं, आणि त्याच्याबरोबर त्याच्या बायकोला.

फाटकावर कागद चिकटवला गेला. 'कार्यालय तात्पुरते बंद आहे.' मला उतरवून काकांच्या हाती दिलं.

मुलगी गाडीत बसता बसता थांबली. तिनं त्या कागदावर बोट ठेवलं. "बाबा, तात्पुरतं लिहिलंय. बघा ना, तात्पुरतंच."

काकांनी तो शब्द मनात धरून ठेवला. पावसानं कागद गेला, चिकटवलेल्या जागेचा डागही गेला, पण तो शब्द त्यांनी सोडला नाही.

त्यानंतर अकरा वर्षं. एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात पाऊल ठेवता येत नव्हतं. रविवारी फोन यायचा. पलीकडे नात झाल्याचं फोनवरच कळलं. तिचे फोटो टपालानं फिरत फिरत यायचे, आणि फोटो इथे पोचेपर्यंत ती दोन बोटं वाढलेली असायची. काकू फोनवर खणखणीत बोलायच्या आणि रिसीव्हर ठेवला की मोरीत जाऊन नळ सोडायच्या. मी त्यांच्याच खोलीत खुंटीला टांगलेली होते, त्यामुळे नळाच्या आवाजाखालचं रडणं मला ऐकू यायचं. मला तेव्हा फार वाईट वाटलं, खरंच सांगते.

सोमवार चुकला नाही. आता तर मला बघायला भिंतीशिवाय कुणीच नव्हतं. तरी काका दोन्ही बाजू घासायचे. एक दिवस काकूंनी लिंबू कापून त्यांच्यापुढे ठेवलं आणि आत गेल्या. त्या दिवसापासून आमचं भांडण मिटलं.

पाचव्या वर्षी एक गृहस्थ आले. बंगल्याची देखरेख एका तिसऱ्या देशाकडे सोपवली होती, त्यांचा हा कारकून. सामान विकायचं म्हणून यादी करत होता. टेबलं, पंखे, आरसे. बघता बघता त्याची नजर खुंटीवर गेली.

"पितळी पाटी, एक," त्यानं लिहिलं. "मोडीत काढू."

काकांनी मला खुंटीवरून काढून हातात घेतलं.

"ती सामान नाही," काका म्हणाले.

"मग काय आहे?"

"पाटी आहे. ऑफिस कायमचं बंद झालं असेल तर न्या. पण तुमच्या फायलीतल्या पत्रात काय लिहिलंय, ते एकदा बघा."

कारकुनानं फाईल उघडली. खूप वेळ वाचलं. "तात्पुरते," तो म्हणाला.

"मग?"

त्यानं यादीतली ओळ खोडली. जाताना म्हणाला, "काका, तात्पुरतं असंच लिहायची पद्धत असते हो. त्याला काही अर्थ नसतो."

"लिहिणाऱ्याला नसेल," काका म्हणाले.

अकराव्या वर्षी तिकडून माणसं आली. त्यांच्या प्रमुख एक बाई होत्या. उंच, कमी बोलणाऱ्या. बोलणी सुरू झाली होती, पण मनं अजून पुरती उघडली नव्हती. म्हणून ठरलं, लगेच राजदूतावास नको. आधी एक पायरी खाली, वकिलात. ती नीट चालली तर पुढचं पुढे. शुक्रवारी दहा वाजता झेंडा चढवायचा, पाहुणे यायचे, फोटो निघायचे.

गुरुवारी दुपारी कुणाला तरी पाटीची आठवण झाली. नवी पाटी ज्यांत होती त्या पेट्या बंदरातच अडकल्या होत्या. काकांकडे जुनी आहे, असं कळलं. मला आणलं, आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. माझ्यावर मोठ्या अक्षरांत 'राजदूतावास'.

"ही लावली तर दहा मिनिटांत निषेधाचं पत्र येईल," एक अधिकारी म्हणाला. "ठरलंय एक आणि दाखवतोय दुसरं, असं म्हणतील."

"आणि पाटीशिवाय?"

"पाटीशिवाय कार्यालय उघडलं असं म्हणताच येत नाही. तारीख पुढे ढकलू."

बाईंचा चेहरा पडला. एकदा पुढे गेलेली तारीख कुठवर जाते हे त्यांना ठाऊक होतं. काकांनाही ठाऊक होतं. त्या तारखेच्या पलीकडे त्यांची मुलगी सामान बांधून बसली होती. जावयाची बदली इथे होणार होती. आधी वकिलात उघडायला हवी, मगच.

काका पुढे आले. "बाईसाहेब, हिला दुसरी बाजू आहे."

त्यांनी मला उलटी केली.

माणसांचं पितळ उघडं पडलं की त्यांना तोंड लपवावं लागतं. माझं त्या दिवशी उघडं पडलं आणि सगळी खोली उजळली. अठ्ठावीस वर्षं कुणी न वाचलेली 'वकिलात', काल कोरल्यासारखी. एकाही अक्षरात हिरवट गंज नाही. बाई पुढे होऊन बघत राहिल्या.

"ही बाजू कुणी घासली?" त्यांनी विचारलं.

"मीच. सोमवारी."

"कोणत्या सोमवारी?"

काका गोंधळले. "दर सोमवारी," ते म्हणाले.

बाईंनी मान खाली घातली. मग स्वतःच्या हातानं मला उचललं आणि फाटकाकडे निघाल्या. शुक्रवारी दहा वाजता झेंडा चढला. एकही निषेधाचं पत्र आलं नाही.

दीड महिन्यानं, एका रविवारी, फाटकाशी गाडी थांबली. मुलगी उतरली. काकू धावल्या. गुडघे दुखतात म्हणून सकाळी कुरकुरणाऱ्या काकू, त्या धावल्या. मागून जावई, आणि त्याच्या मागून नऊ वर्षांची नात. तिकडेच वाढलेली, पण आईनं अक्षरं शिकवलेली. अनोळखी आजोबांकडे जायला लाजत ती माझ्यापाशी उभी राहिली. सरबतानं चिकट झालेलं बोट तिनं माझ्यावर ठेवलं आणि एकेक अक्षर लावलं.

"व… कि… ला… त." मग वळून म्हणाली, "आजोबा, इथे वकील असतात?"

काका हसायला लागले. हसता हसता फाटकाला धरून खाली बसले, आणि मग ते हसणं हसणं राहिलं नाही. नातीनं घाबरून आईकडे पाहिलं. "मी चुकीचं वाचलं का?"

"नाही गं बाळा," काका म्हणाले. "बरोबर वाचलंस. तू सगळं बरोबर वाचलंस."

आता माझं वय झालंय. बोलणी अशीच चालली तर दोनेक वर्षांत पुन्हा उलटी होईन, किंवा नवी चकचकीत पाटी येऊन माझी जागा घेईल. त्याचं मला दुःख नाही. जाता येता कुठल्या दारावरची पाटी वाचलीत, तर तिच्या भिंतीकडच्या बाजूचीही एकदा आठवण काढा, एवढंच मागणं आहे.

आणि एक सांगायचं राहिलं. नात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. काका लिंबाची फोड आणि फडकं घेऊन आले. माझ्यावरच्या 'वकिलात'च्या चारही अक्षरांवरून गेलेला चिकट बोटाचा माग उन्हात स्पष्ट दिसत होता. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं.

अडतीस वर्षांत त्या एका सोमवारी त्यांनी मला घासलं नाही.