बिनवासाचा अभ्रा

पिशवीची गाठ सुटेना. मुलीने ती नखांनी ओढून पाहिली. दातांत धरावी असं एकदा मनात आलं, पण समोर डॉक्टर बसल्या होत्या.

“कात्री देऊ?” डॉक्टरांनी विचारलं.

“नको. मीच बांधलीय. सुटेल.”

आत हवा जाऊ नये म्हणून तिने पीळ देऊन देऊन ती गाठ मारली होती. पिशवीत आईच्या उशीचा अभ्रा होता, न धुतलेला. बाकीचे सगळे कपडे बाबांनी एका दुपारी मशीनमध्ये घातले होते. घरात बसून हाताला दुसरं काही काम सुचलं नाही, म्हणाले. ती घरी पोचली तेव्हा आईचं अख्खं कपाट दोरीवर वाळत होतं. ही उशी पलंगामागे पडली होती म्हणून वाचली.

डॉक्टर जनावरांच्या होत्या. मेडिकल कॉलेजच्या मागच्या अंगाला असलेलं प्राणिगृह त्यांच्या ताब्यात होतं आणि आई तिथे पिंजरे सांभाळायची. तिथे तिला सगळे मावशी म्हणत. दोन दिवसांपूर्वी डॉक्टरांचा फोन आला होता. बाबांची चौकशी झाली, तिची झाली, आणि मग जरा अडखळत त्यांनी विचारलं, मावशींच्या अंगावरचं एखादं कापड असेल का, न धुतलेलं?

गाठ सुटली. मुलीने अभ्रा बाहेर काढला, पण टेबलावर ठेवला नाही.

“सगळा नको,” डॉक्टर म्हणाल्या. “चार पट्ट्या पुरतील, बाकीचा घेऊन जा. मला मागायलाच कसंतरी होत होतं. पण त्या म्हाताऱ्या काही केल्या ऐकेनात.”

म्हाताऱ्या म्हणजे पांढऱ्या उंदरांच्या माद्या. म्हातारपणी आठवण कशी विरत जाते याचा कॉलेजात अभ्यास चालला होता आणि त्यासाठी त्या जन्मापासून आईच्या हातावर वाढल्या होत्या. आई गेल्यापासून त्यांनी खाणं अर्ध्यावर आणलं होतं. माणूस जवळ आला की कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसायच्या. आठवण किती उरली याची शेवटची मोजणी घाबरलेल्या जनावरावर खोटी येते. ती खोटी आली असती तर इतक्या दिवसांची मेहनत फुकट गेली असती, आणि त्यात आईचीही होती.

“मावशी मला दारातच हुंगायच्या,” डॉक्टर सांगू लागल्या. “म्हणायच्या, डॉक्टर, आज शाम्पू बदललात वाटतं. जा, बाहेर फिरून या. माझ्या म्हाताऱ्या रुसतील.”

मुलगी हसली. घरीही तेच होतं. तेल बिनवासाचं, साबण बिनवासाचा, पावडर नाही, फूल नाही. लग्नाकार्याला निघतानाही कोणी अत्तर पुढे केलं की आई हात मागे घ्यायची. “नको गं. उद्या कामावर जायचंय.” मुलीने पहिल्या पगारातून तिला सेंटची बाटली आणली होती. आईने ती आरशापुढे ठेवली आणि रोज पुसली, उघडली मात्र नाही. “रिटायर झाले ना, की अंघोळच करीन त्याने. लोक रस्ता बदलतील.”

शेवटी ती बाटली मुलीनेच उघडली. शेवटचं न्यायच्या आधी तिने आईच्या दोन्ही मनगटांना सेंट लावलं, थोडं कानामागे लावलं, आणि वाकून गाल टेकला. कुणा परक्याच बाईला टेकल्यासारखं झालं. त्यानंतर कितीतरी वेळा तिने हा अभ्रा नाकाशी धरला होता. त्याला सुताचा वास होता, थोडा प्लॅस्टिकचा होता. आईचा नव्हता.

डॉक्टरांनी तिला डगला दिला, पायांत घालायला कापडी पिशव्या दिल्या, हातमोजे दिले. ओल्या फरशीचा एक लांब बोळ होता. त्याच्या टोकाच्या खोलीत पिंजऱ्यांच्या रांगा होत्या, ताजा भुसा होता, पाण्याच्या बाटल्या उलट्या टांगलेल्या होत्या. आईच्या जागी आलेला माणूस एका पिंजऱ्याशी उकिडवा बसला होता. त्याच्या बोटाला पट्टी होती.

“चावली?” मुलीने विचारलं.

“चावली कसली, ओळख करून घेतली,” तो उठत म्हणाला. “ताई, मी साबण बदलला, तंबाखू सोडली. बायको विचारते, एवढी साधी राहणी कुणासाठी चाललीय? आता तिला काय सांगू, की कुणासाठी?”

डॉक्टरांनी कात्री पुढे केली. या वेळी मुलीने ती घेतली. अभ्रा कापताना हात थांबेल असं तिला वाटलं होतं, पण जुनं सूत होतं, पटकन फाटत गेलं. पहिली पट्टी तिने स्वतः पिंजऱ्यात सोडली.

बराच वेळ काही झालं नाही. मग कानाला खाच असलेली एक मादी घोळक्यातून बाहेर आली. तिला मागचे पाय नीट उचलता येत नव्हते. मिशा थरथरवत तिने पट्टीचं टोक हुंगलं, दातांत धरलं, आणि ओढत ओढत कोपऱ्यात नेलं. तिथे ती पुढच्या पायांनी कापड तुडवत राहिली, दाबत राहिली, आणि त्यावर अंग सोडून बसली. हळूहळू बाकीच्याही आल्या आणि तिला चिकटल्या. खाच असलेल्या मादीने डोळे मिटले.

“बघा,” नवा माणूस कुजबुजला. “आल्या घरी.”

मुलीने हातातला उरलेला तुकडा नाकाशी नेला, आणि खाली केला.

“याच्यापुढे काय?” तिने विचारलं.

“मोजणी होईल. पुढच्या आठवड्यात संपेल.”

“अभ्यास?”

डॉक्टरांनी पिंजऱ्याचं दार लावलं. “दोन्ही,” त्या म्हणाल्या. “शेवटी मेंदू तपासावा लागतो. दुखत नाही त्यांना. आधी झोपेचं इंजेक्शन देतो. मावशी प्रत्येकीला स्वतः धरून बसायच्या. मला धरू द्यायच्या नाहीत. जन्मभर मी उचललंय, म्हणायच्या, आणि आता जाताना परक्याने उचलायचं?”

नवा माणूस बोटाच्या पट्टीशी चाळा करू लागला.

मुलगी पिंजऱ्याकडे बघत होती. आई गेली त्या दिवशी दवाखान्यात तिला काचेच्या दाराबाहेर उभं केलं होतं. आत आईभोवती मास्क लावलेली, हातमोजे घातलेली माणसं होती. चांगली होती, धावपळ करत होती. त्यांच्यातल्या एकाच्याही हाताला आईच्या ओळखीचा वास नव्हता.

“उरलेला त्या दिवशी आणते,” ती म्हणाली. “मांडीवर पसरता येईल. मी धरलं तर चालेल?”

“सोपं नसतं ते.”

“माहितीय.”

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “वरून परवानगी काढावी लागेल. बघते. धरायचं कसं ते हा दाखवेल तुम्हाला.”

“मला आधी शिकू तर द्या,” नवा माणूस म्हणाला. कोणी हसलं नाही, तेव्हा त्याने पाण्याची एक भरलेली बाटली काढून पुन्हा तिथेच टांगली.

परवानगी मिळाली. म्हाताऱ्यांच्या शेवटच्या दिवशी सकाळी मुलीने न्हाणीघरातल्या फळीवरून आईची साबणवडी घेतली. झिजून पापुद्र्याएवढी झालेली होती, तरी फेस आला. केस तिने कोरडेच बांधले. आरशापुढची बाटली उचलून खणात ठेवली आणि अभ्र्याची पिशवी काखेत धरली.

बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आले.

“अगं, रजा आहे ना तुझी? आणि केस असे कोरडे? ते सेंटबिंट काय लावतेस ते नाही का लावलं आज?”

ती खाली वाकून बूट घालत होती.

“नको, बाबा. कामावर जायचंय.”

बाबांनी कप खिडकीत ठेवला. मग पुढे झाले आणि दाराची कडी काढून दिली, आईला रोज सकाळी काढून द्यायचे तशी.