जपून उचला

मी खोका बोलतोय. पुठ्ठ्याचा, चौकोनी, कमरेला सुतळी बांधलेला. बोलतोय म्हणजे पुटपुटतोय म्हणा हवं तर. इतकी वर्षं माळ्यावर अर्धवट झोपेत काढली की आवाज असाच होतो, उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याआधी मी रद्दी होतो आणि त्याच्याही आधी झाड, असं म्हणतात. झाडाचं काही आठवत नाही बुवा. पण वारा सुटला आणि माळ्याचा पडदा हलला की उगीचच डोलावंसं वाटतं, त्या अर्थी असेन. कारखान्यात माझ्या दोन्ही कुशींवर लाल अक्षरांत छापलं : ‘जपून उचला’. त्या दोन शब्दांचा मला कोण अभिमान! शेजारचे खोके साबणाचे, खिळ्यांचे. त्यांना कुणीही पायानं सरकवायचं. मला मात्र दोन हात लागायचे.

कारण माझ्या पोटात चिनी मातीचा डिनर सेट होता. पांढऱ्याशुभ्र प्लेटा, काठाला बारीक निळी रेघ. एकमेकींना जरा लागल्या की किणकिणायच्या, आणि तो आवाज माझ्या अंगभर फिरायचा. मला त्या आवाजावरच झोप लागायची.

मला विकत घेतलं ते बाबांच्या थोरल्या बहिणीनं. ती दवाखान्यात नर्स. भावानं नवं घर घेतलं म्हणून जादा पाळ्या करून तिनं पैसे साठवले आणि मला टॅक्सीतून मांडीवर घेऊन आली. म्हणाली, “रोज वापरा हं. शोभेला ठेवू नका.”

“हो हो, रोजच,” आई म्हणाली. आणि आत्याची पाठ वळल्याबरोबर मी माळ्यावर! “रोज कुठं वापरायचा एवढा भारी सेट? चांगल्या दिवशी काढू,” असं ठरलं. माणसांची ही सवय मला अजून कळलेली नाही. चांगला दिवस म्हणजे नेमका कोणता, हे कुणी कुणाला सांगत नाही आणि सगळे वाट मात्र बघतात.

मी आई-बाबा म्हणतो ते त्यांची मुलगी म्हणते म्हणून. तिचं नाव छोटी. आता ती आईपेक्षा चार बोटं उंच झालीय, पण नाव बदलायला कुणाला सवड आहे?

बाबांचं वह्या-पेनांचं दुकान होतं, कर्ज काढून टाकलेलं. समोर मोठं दुकान झालं आणि दीड वर्षात बाबांचं बसलं. दुकान गेलं, कर्ज तेवढं राहिलं. बाबा मग लोकांची घरं हलवणाऱ्या एका कंपनीत लागले. सामान बांधायचं, जिन्यावरून उतरवायचं, टेम्पोत रचायचं. घरातली भाषाच बदलली. ‘घेऊ या’ गेलं आणि ‘चालवून घेऊ’ आलं. साबणाचे उरलेले तुकडे जोडून वापरले जाऊ लागले, टीव्ही गेला, मोठं कपाट गेलं. जिथं कपाट होतं तिथं भिंतीवर पांढरा चौकोन उरला.

मला मात्र कुणी हात लावला नाही. संध्याकाळी बाबा पाय चोळत बसायचे, वर माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “कर्ज फिटलं ना, की ताईला बोलवू आणि तिच्याच सेटमध्ये झक्कास जेवू.” मी त्या वेळी असा काही फुगायचो की सुतळी करकरायची.

आणि मग चष्म्याची भानगड झाली. छोटी फळ्यावरच्या आठला तीन लिहून आणायची. बाईंनी चिठ्ठी पाठवली. बाबा म्हणाले, “पुढच्या महिन्यात नक्की.” पुढच्या महिन्यातही तेच म्हणाले. त्याच्या पुढच्या महिन्यात नुसते चिठ्ठीची घडी घालत राहिले.

एके दुपारी आई स्टुलावर चढली. मला खाली घेतलं, माझं पोट उघडलं आणि एकेक प्लेट साडीच्या पदरानं पुसून पिशव्यांत भरली. दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेहून आल्यावर माझ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “दुकानदार म्हणतो, खोका असेल तर जास्त देईन. म्हटलं, खोका नाही हो.” मग न्हाणीघराच्या उरलेल्या फरश्या आणल्या, एकेक हातात तोलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्यात रचली. इतक्या हळुवारपणे, जणू त्या प्लेटाच आहेत. ती रडत होती, आणि रडता रडता वजन जमवत होती.

छोटीला चष्मा आला. “शाळेतून फुकट मिळाला,” आईनं सांगितलं.

माझी मात्र झोप उडाली. अहो, अंगावर ‘जपून उचला’ आणि पोटात फरश्या! लाज वाटणार नाही तर काय? फरश्या मुक्या असतात. त्यांना किणकिणता येत नाही. मी प्लेटांची स्वप्नं बघायचो : निळ्या रेघेचं एक गोल तळं आहे आणि त्यात मी होडीसारखा तरंगतोय. बाबांनी सेटचं नाव काढलं की आई ओट्याकडे वळायची आणि स्वच्छ असलेली कढई पुन्हा घासायची. आत्याचा फोन आला आणि तिनं विचारलं, “सेट वापरता ना गं?” की आई म्हणायची, “जपून ठेवलाय, ताई.” 

तिसऱ्या वर्षी छत गळलं. मला ओल लागली, बूड मऊ पडलं. आई बाजारात गेली होती. बाबांनी मला उचललं आणि उचलल्या उचलल्या थबकले. दिवसभर लोकांची भांडीकुंडी उचलणारा माणूस तो! त्यांनी मला एकदा डावीकडे कलवलं, एकदा उजवीकडे. कान लावला. मग सुतळी सोडवली, एक पुडकं उलगडलं.

फरशी हातात घेऊन ते जमिनीवरच बसले. समोर छोटी खिडकीशी चष्मा लावून अभ्यास करत होती. बाबांनी फरशीकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं. बाबांना हिशेब शिकवावा लागला नाही. “वेडी गं माझी,” असं अगदी हळू म्हणाले, फरशी पुन्हा गुंडाळली आणि मला कोरड्या कोपऱ्यात ठेवलं. घरात चकार शब्द काढला नाही.

पण दोनेक महिन्यांनी गंमत झाली. आई घरात नाही बघून बाबा वर चढले. शर्टाच्या आतून त्यांनी एक प्लेट काढली. खरी, चिनी मातीची, काठाला हिरवी पानं. लोक घर बदलताना काय काय टाकून जातात, तुम्हाला कल्पना नाही. सहातल्या पाच फुटल्या की उरलेली एक ‘आता काय करायचं हिचं’ म्हणून तिथंच सोडतात. बाबांनी ती विचारून घेतली होती. त्यांनी माझ्यातली एक फरशी काढली आणि तिच्या जागी प्लेट ठेवली.

पुढच्या वर्षी एक पिवळ्या ठिपक्यांची आली. मग एक जाड, तपकिरी. अशा पाच वर्षांत सहा आल्या. एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. पण किणकिणायच्या हो! एकीचा आवाज बारीक, एकीचा घोगरा. मी पुन्हा झोपू लागलो. दोघांची दोन गुपितं माझ्या एका पोटात होती आणि मी दोन्ही सांभाळत होतो.

यंदा कर्ज फिटलं. शेवटच्या हप्त्याची पावती बाबांनी आणली तेव्हा तिघं ती पावती मध्ये ठेवून नुसती बसली होती. मग छोटीनं बाह्या सरसावल्या. “आता घर मोकळं करायचं. वर्षभरात जे वापरलं नाही ते बाहेर!” बाबांनी री ओढली, “खरंय. एका घराचा एकच खोका मी तीनदा हलवलाय. चिकटपट्टीसुद्धा तीच!” बिनझाकणाचे डबे गेले, बिनडब्यांची झाकणं गेली, जोडी हरवलेले मोजे गेले. आई प्रत्येक गोष्टीला “लागेल गं कधीतरी” म्हणायची, आणि छोटी नुसती चष्म्यावरून बघायची.

“आणि हा खोका?” छोटीनं माझ्याकडे बोट केलं.

“राहू दे!” आई आणि बाबा एकदम ओरडले. मग बाबाच घसा साफ करून म्हणाले, “म्हणजे... रविवारी ताई येतेय ना. तेव्हा मीच काढतो सावकाश.”

 आईचा चेहरा पिठासारखा झाला होता.

शनिवारी दुपारी घरात ती एकटीच होती. स्टुलावर चढली आणि मला ओढत माळ्याच्या कडेला आणलं. पुटपुटत होती, “हातातून सुटला म्हणेन. सगळा फुटला म्हणेन. नाहीतरी आत तुकडेच आहेत, दुसरं काय.” मी अर्धा हवेत आलो. खाली लादी दिसत होती.

आयुष्यात एकदाच, एकदाच मला माणसासारखं तोंड असायला हवं होतं असं वाटलं! अगं बाई, थांब! आत तुझ्या नवऱ्याची पाच वर्षं आहेत! पण खोक्याचं पुटपुटणं माणसाला कुठलं ऐकू यायला? माझ्याकडे होतं ते फक्त गळतीत मऊ झालेलं बूड. ते खचलं. मी मुद्दाम खचवलं की आपोआप, ते मलाही सांगता यायचं नाही. आतल्या प्लेटा घसरून एकमेकींना लागल्या.

किण्ण.

आईचा हात थांबला. फरशी असा आवाज करत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? तिनं मला कवटाळून खाली आणलं आणि लादीवर फतकल मारून उघडलं. हिरवी पानं निघाली. पिवळे ठिपके निघाले. तपकिरी निघाली. सहाही प्लेटा तिनं आपल्याभोवती मांडल्या. एकीला अजून बाबांच्या कंपनीची चिकटपट्टी लागलेली होती. मग तिला सगळं उमगलं आणि ती तोंडाशी पदर धरून रडली, नंतर हसली, आणि पुन्हा रडली.

रविवारी टेबलावर चार प्लेटा लागल्या, चार तऱ्हेच्या. बाबा हात पुसत आले, प्लेटांकडे बघितलं आणि तिथंच उभे राहिले.

“कधी कळलं तुम्हाला?” आईनं विचारलं.

“छत गळलं तेव्हा.”

“आणि बोलला नाहीत?”

“तू तरी कुठं बोललीस?”

छोटी बघतच राहिली. “हा कसला सेट? एक जुळत नाही दुसरीशी!”

आईनं वाढायचा डाव खाली ठेवला आणि आत्याकडे वळली. बोलली ती धडधडीत. “ताई, तुमचा सेट मी विकला. हिच्या चष्म्यासाठी. आठ वर्षं खोटं बोलले मी तुमच्याशी.”

छोटीचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. आत्यानं तिच्याकडे बघितलं, मग भावाकडे, मग तपकिरी प्लेट स्वतःकडे ओढली. “बरं केलंस. माळ्यावर बसून तो काय अंडी घालणार होता? मी जेवायला दिला होता गं, जपायला नाही. वाढ आता, भूक लागलीय मला.” आणि डोळे पुसून पहिला घास तिनंच घेतला. मी कोपऱ्यातून ऐकत होतो. चार प्लेटांवर चार चमचे वाजत होते आणि मला गुंगी येत होती.

आता त्या प्लेटा रोज वापरतात. पिवळ्या ठिपक्यांवालीचा एक टवकाही उडालाय, पण कुणी हळहळलं नाही. मी रिकामा झालो. आई सवयीनं म्हणाली, “राहू दे खोका, लागेल कधी...” आणि छोटीनं बघायच्या आत स्वतःच हसून गप्प झाली. तिनं माझी सुतळी सोडली, मऊ पडलेल्या बुडाला चिकटपट्टीचं ठिगळ लावलं आणि मला घडी घालून दाराशी उभं केलं. सकाळी बाबा मला कामावर नेतील. कुणाचं तरी घर हलणार आहे.

कुणी सांगावं, मी तुमच्याच घरी येईन. आलो तर जपून उचला, एवढं माझ्या अंगावर लिहिलेलंच आहे. जे लिहिलेलं नाही ते सांगतो : मला माळ्यावर टाकू नका. आत जे असेल ते त्याच संध्याकाळी बाहेर काढा आणि त्यात जेवायला बसा. माझी झोप आता पुरी झालीय.