घड्याळांच्या दुकानापाशी

घड्याळांच्या दुकानाचं शटर आलं तरी बदरुन्निसा समोरून येताना दिसेना, तेव्हा सुचित्रा खाली वाकली आणि नीट बांधलेली बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. सरावाचं वजन म्हणून पाठीवरच्या सॅकमध्ये भरलेला तांदूळ मानेकडे सरकला. तिने एक गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली. तेवढ्यात खांबाआडून काळा अबाया आणि त्याखालचे जांभळे ट्रेकिंगचे बूट दिसले.

“सुटली काय गो नाडी?” बदरूने जवळ येत विचारलं.

“सुटली.”

“तुझीच बरी रोज सुटते,” असं म्हणून ती न थांबता पुढे गेली.

दुबईजवळच्या अजमानमधल्या त्या मॉलमध्ये उन्हाळ्यात दुकानं उघडायच्या आधी चालायला येणाऱ्यांना आत सोडत. बाहेर ऑगस्टमधल्या सकाळीसुद्धा दाराच्या दांड्याला हात लावायची सोय नसे. आत मात्र गार, रिकामं आणि पुसून लख्ख केलेलं असे. मधोमध कारंजं, त्याच्याभोवती दुकानांची गोल रांग. तीन उन्हाळ्यांपूर्वी दोघी पहिल्यांदा इथे आल्या, तेव्हा दारातून आत शिरल्याबरोबर सुचित्रा डावीकडे वळली आणि बदरू उजवीकडे. देवळात प्रदक्षिणा घालताना असतं तसं कारंजं आपल्या उजव्या हाताला असावं, असं सुचित्राला आपोआप वाटलं होतं. बदरूचे पाय उलट वळले. नवरा होता तेव्हा ती कितीदा तरी बसने मक्केला उमराहला जाऊन आली होती, आणि तिथे काबा डाव्या हाताला ठेवून फिरतात. ह्याला त्याची बरोबरी करू नको, ती सुचित्राला म्हणाली होती, ते वेगळं आणि हे वेगळं. पण पायांना सवय लागली ती लागली.

आपली बाजू सोडायला दोघींपैकी कुणीही तयार नव्हती. म्हणून त्या तशाच, एकमेकींच्या उलट चालू लागल्या. फेरीत दोनदा भेट व्हायची, एकदा दाराच्या बरोबर समोर असलेल्या घड्याळांच्या दुकानापाशी आणि एकदा परत दारापाशी. प्रत्येक भेटीत एखाददुसरं वाक्य बोलून होई. बदरूच्या मुलाची, रफिकची सासू श्रीवर्धनहून महिनाभरासाठी म्हणून आली आणि रमजान उलटला तरी हलली नाही, ती सगळी कहाणी सुचित्राने अशी तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. पुढचा तुकडा येईपर्यंत मागच्यावर हसून घ्यायला अर्धी फेरी मिळायची.

एकमेकींना त्या ओळखत होत्या ते चाळीसहून जास्त वर्षं. तेव्हा अजमानात दुमजली घरं होती आणि मराठी बोलणारं दुसरं दार शोधावं लागे. सुचित्रा नवी नवरी म्हणून आली, सामान चढवताना जिन्यात नवऱ्यावर, राजाभाऊंवर, वैतागून काही बोलली, आणि वरच्या मजल्यावरचं दार उघडून एक बाई म्हणाली, “अगो, मराठी!” बदरूचा नवरा जबल अलीच्या बंदरात कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. बाकीचे दिवस दोघी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता बोलत. वाळत घातलेल्या चादरीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. तोंड न बघता बोलायची सवय दोघींना तेव्हापासूनची.

जूनपासून त्यांच्या भेटीची जागा सरकायला लागली होती. आधी घड्याळांच्या दुकानाच्या चार पावलं पुढे भेट झाली, तेव्हा सुचित्राच्या लक्षातही आलं नाही. मग ती अत्तराच्या दुकानापाशी होऊ लागली. जुलैमध्ये एकदा तर आइस्क्रीमच्या झाकलेल्या गाडीपर्यंत गेली तरी बदरू नव्हती. ती आली तेव्हा अबायाच्या बाहीने ओठांवरचा घाम टिपत होती, आणि रफिकच्या सासूबद्दल काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून सुचित्राची नाडी सुटू लागली.

हे सगळं चाललं होतं भूतानसाठी. मैथिली, जी त्यांच्याच जुन्या इमारतीत लहानाची मोठी झाली होती आणि जिला सुचित्राने कित्येक दुपारी शाळेच्या बसमधून उतरवून घेतलं होतं, ती आता नोकरी सोडून बायकांचे ग्रुप डोंगरांत नेत असे. ऑक्टोबरमध्ये ती भूतानला निघाली होती. गावातल्या घरांतून राहायचं, मठ पाहायचे, मुखवट्यांचा नाच पाहायचा आणि मधले चार दिवस चालायचं. डॉक्टरांनी दोघींना तपासून सांगितलं होतं की हृदय ठीक, फुप्फुसं ठीक, वय मात्र आहे तेवढं आहे.

तिकडचा गाईड एकदा मैथिलीच्या टीव्हीवर सगळ्यांशी बोलला होता. हसरा माणूस, हिंदी चांगली. वाटेत स्तूप लागले तर ते उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, असं त्याने सांगितलं तेव्हा सुचित्राने बदरूकडे विजयाने पाहिलं. बदरू म्हणाली, त्यांच्या घरी त्यांची रीत, तिथे तुझ्या बाजूने चालेन, इथे नाही. मग गाईडने चालायची पद्धत सांगितली. रांगेत सगळ्यांत हळू चालणारी व्यक्ती त्याच्या मागे, सगळ्यांत पुढे. तिला कुणी ओलांडायचं नाही. शेवटच्या दिवशी कड्यावरच्या मठाची चढण आहे, तिच्या मध्यावर चहाचं हॉटेल आहे. पुढच्या व्यक्तीला जमेनासं झालं तर तिने तिथेच थांबायचं, सोबत मदतनीस आणि ज्यांना थांबायचं असेल ते थांबतील, बाकीचे वर जाऊन येतील.

तो मठ सुचित्राच्या फ्रिजवर लावलेला होता. कड्याला चिकटलेला, पांढरा, खाली ढग. नात ओवी येता-जाता म्हणायची, “आजी, इट्स लिटरली हँगिंग.” सुचित्रा जुन्नरची. तिथल्या डोंगरातल्या एका लेण्यात गोल खांबांच्या मधोमध दगडी स्तूप होता. शाळा सुटली की मुली वर चढायच्या आणि खांबांच्या आतून त्याच्याभोवती धावायच्या. पायांखालचा दगड गार असायचा. लग्न होऊन ती इथे आली आणि पुढची सगळी वर्षं सपाट जमिनीवर गेली. गेल्या फेब्रुवारीत मैथिलीने सगळ्यांना हत्ताच्या डोंगरात नेलं तेव्हा सुचित्रा सगळ्यांच्या आधी वर पोचली होती, आणि घरी येऊन दोन दिवस त्याबद्दल बोलत होती. राजाभाऊंनी शेवटी वर्तमानपत्र वर धरून तोंड झाकलं.

बदरूला मठाशी देणंघेणं नव्हतं. तुम्ही आत जा, मी बाहेर चपला सांभाळते, ती म्हणायची. तिला थंडी हवी होती. श्रीवर्धनात थंडी नाही आणि इथेही नाही. उभ्या जन्मात आपल्या तोंडातून वाफ निघालेली तिने पाहिली नव्हती. अशा थंडीत बसून एकदा गरम चहा प्यायचा, एवढंच. त्यासाठी जाड लोकर आणून तिने स्वेटर विणला होता, आणि तो घालून बघायला घरातला एसी अठरावर नेऊन बसली होती. रफिकचा मात्र विरोध होता. गाईडची ती रांगेची गोष्ट ऐकल्यावर त्याने एकच अट घातली. सगळ्यांत पुढे तुलाच चालावं लागणार असेल तर लोकांना तुझं ओझं नको. तसं असेल तर खलास, जायचं नाही. नाहीतर जा.

शनिवारी मैथिली मॉलमध्ये आली. दोघींनी पाठीवर सामान घेऊन तासभर चालायचं आणि ती कारंज्यापाशी बसून बघणार, असं ठरलं होतं. बाकीच्या सगळ्या चाळिशीच्या आतबाहेरच्या, त्यांची तिला काळजी नव्हती.

सुचित्रा डावीकडे वळली, बदरू उजवीकडे. पहिल्या फेरीत दोघी घड्याळांच्या दुकानापाशी बरोबर भेटल्या. बदरूने सगळा जोर लावला होता. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

“आज नाडी घट्ट बांधून आलीस ना?”

“हो.”

“मग चाल तुझी तू.”

सुचित्रा पुढे गेली. तिचे पाय हलके होते, तांदळाचं ओझं तिला जाणवत नव्हतं. आपण नेहमीसारख्या चाललो तर पुढच्या दोन-तीन फेऱ्यांतच भेटीची जागा सरकत सरकत आइस्क्रीमच्या गाडीपर्यंत जाईल, आणि कारंज्यापाशी बसलेल्या पोरीला ते दिसेल. मैथिली तेच बघायला तर बसली होती. बॅगांच्या दुकानापाशी सुचित्राने काचेतल्या बॅगा निरखल्या. पुढच्या फेरीत कमरेवर हात ठेवला. त्यानंतर तिने फक्त पावलं आखूड केली, आणि तासभर त्या दोघी दर फेरीला घड्याळांच्या दुकानापाशीच भेटल्या.

मैथिलीने तिघींसाठी संत्र्याचा ज्यूस आणला.

“स्टॅमिना ओके आहे दोघींचा,” ती म्हणाली. “पेस स्लो आहे, बट सेम आहे. मॅनेज होईल. गाईडला फक्त एक नाव द्यायचंय. रांगेत पुढे कोण? म्हणजे दोघींत जास्त हळू कोण?”

बदरूने स्ट्रॉ तोंडाजवळ नेली होती. ती तशीच राहिली. कारंज्याचं पाणी तेवढ्यात कुणीतरी सुरू केलं आणि त्याचा आवाज मधे आला.

“मी,” सुचित्रा म्हणाली.

“तुम्ही? काकू, हत्ताला तर माझ्या पुढे होतात.”

“ते फेब्रुवारीत. मधे सगळा उन्हाळा गेला. गुडघा धरतो आता.”

मैथिलीने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. “मग लास्ट डेला कदाचित हाफवेच थांबावं लागेल. तुम्हाला तर मठच बघायचा होता ना?”

“त्या हॉटेलातून दिसतो का?”

“दिसतो. अगदी समोर. पण लांबून.”

“मग झालं.”

मैथिली बदरूकडे वळली. “खाला, तुम्ही वर जाल ना?”

बदरूने ज्यूसचा एक घोट घेतला, मग आणखी एक. “मी कशाला जातेय वर? हिला कोण बघील?” ती म्हणाली. “मी सांगतच होते हिला, बूट बदल, बूट बदल म्हणून. ऐकेल तर शपथ.”

मैथिलीने फोनवर नाव टाकलं. तिथूनच तिने रफिकला कळवलं की खाला फिट आहेत, काळजी नको. सुचित्राच्या घरीही तिने फोन केला असावा, कारण संध्याकाळी तिचा मुलगा अंकुर ऑफिसातून आला तो थेट तिच्या गुडघ्याच्या एमआरआयचं बोलतच आत शिरला. सुचित्राने त्याला चिडू दिलं. राजाभाऊंनी वर्तमानपत्रावरून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिची सकाळपासूनची ये-जा त्यांनी पाहिलेली होती. स्टुलावर चढून तिने वरच्या फळीवरची बरणीही काढली होती. मग त्यांनी पान उलटलं. फ्रिजवरचा फोटो तिने काढला नाही. फक्त पोळ्या करताना तिची पाठ त्याच्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी बदरू आधीच येऊन दाराच्या आत उभी होती. सुचित्राने सॅकचे पट्टे ओढले आणि ती डावीकडे वळली. चार पावलांवर तिला मागे जांभळ्या बुटांचा फरशीवर होणारा चर्र आवाज ऐकू आला. तिने वळून पाहिलं. बदरू तिच्यामागे, तिच्या बाजूने चालत होती.

“काय बघतेस? तिथे असंच फिरायचं ना? सवय करत्ये.” मग हाताने तिला पुढे ढकलल्यासारखं करत बदरू म्हणाली, “तू पुढे हो.”

दोघी एकामागून एक चालू लागल्या. समोरून कुणी येणार नव्हतं, त्यामुळे बोलायला ठरलेली जागाही नव्हती. सुचित्रा मागचा श्वास ऐकत चालली. तो वाढला की ती पाऊल आखूड करी, बसला की थोडं लांब टाकी. बॅगांचं दुकान गेलं. कारंजं उजव्या हाताला होतं.

घड्याळांच्या दुकानाचं शटर आलं आणि सुचित्राचे पाय आपोआप थांबले. ती वाकली, तिचा हात बुटाकडे गेला.

“आता कशाला सोडतेस नाडी?” मागून बदरू म्हणाली. “चल गो. मी मागेच हाय.”