डोर्कसचं नाव

"माझं नाव घ्या हं, मोठ्यानं. 'हॅडॉक्सची स्वैपाकीण' म्हणून उरकू नका. लेटीला ऐकू गेलं पाहिजे."

हॅडॉक्सच्या गिरणीमागच्या खोपटात, अखेरच्या दुखण्यात डोर्कस हे म्हणाली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. लेटी तिची लेक, हॅडॉक्सच्याच स्वैपाकघरात राबणारी. माझे यजमान, फिरते उपदेशक असाहेल प्रुइट, दारात वाकून उभे होते. ते म्हणाले, "घेईन, डोर्कसबाई. शब्द दिला."

पानगळीत ती गेली. तिच्या धन्यानं, हॅडॉक्सनं, दिवस मावळायच्या आत तिला अक्रोडाखाली पुरलं. गुलाम बाईसाठी कोण थांबतं? तसं आमच्या केंटकीच्या डोंगरात कुणासाठीच थांबत नाहीत. माती लगेच देतात. मातीवरचं प्रवचन मात्र, उपदेशक घोड्यावरून फिरत त्या वाटेला येईल तेव्हा. यजमानांनी सभेत जाहीर केलं होतं: वसंतात डॉगवुडची पांढरी झाडं फुलल्यावरचा पहिला रविवार, अक्रोडाखाली. आमच्या मेथडिस्ट पंथाच्या उपदेशकानं जाहीर केलेली वेळ पूर आला तरी मोडत नाही.

डॉगवुड फुलली, आणि यजमान घरी आले ते घोडीच्या मानेवर पडूनच. अंगात हिवताप, आणि घसा पार गेलेला. वर्षानुवर्षं उघड्यावर, वाऱ्याशी भांडत बोलून त्या घशाचं फडकं झालं होतं.

शुक्रवारी बंधू टिल्मन आले. आमच्या भागातल्या सगळ्या उपदेशकांवर त्यांची देखरेख. माझा उपास होता. मक्याची भाकर आणि ताक त्यांच्यापुढे ठेवून मी चुलीशी बसले.

"तोडगा निघालाय, भगिनी," ते म्हणाले. "हॅडॉक्स प्रवचनाला तयार आहेत. मीच करतो. फक्त नाव नको. 'एक विश्वासू दासी' म्हणायचं, दासांनी धन्याची आज्ञा पाळावी एवढं सांगायचं, की झालं."

"मग ते डोर्कसचं कसलं? ते हॅडॉक्सचंच प्रवचन."

"आपल्या प्रार्थनाघराची तुळई न् तुळई त्यांच्या रानातली आहे, विसरू नका."

"झाडं देवानं वाढवली, बंधू. हॅडॉक्सनी फक्त तोडली."

"ते म्हणतात, आज हे लोक नाव मागतील, उद्या आणखी काही मागतील."

"मागू देत की."

टिल्मननी खाटेकडे मान वळवली. "आणि बोलणार कोण? यांच्या तोंडून तर शब्द फुटत नाही."

"मी."

त्यांचा घास हातातच राहिला. "बाईनं उपदेश करायचा नसतो."

"उपदेश नाही करत. साक्ष देते. दर आठवड्याला बायकांच्या सभेत देतेच की. डोर्कस तिथं माझ्या शेजारी गुडघे टेकायची."

"नाव घेणार असाल, तर हॅडॉक्स मुद्दाम गिरणी चालू ठेवणार आहेत. त्या चाकापुढे तुमची ही कुजबूज कुणाला ऐकू जाणार? आणि गेलीच, तर नाव घेणाऱ्याला गिरणीच्या तळ्यात फेकीन म्हणालेत."

"फेकू दे. पुरतं पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणारे आपले बाप्टिस्ट शेजारी खूश होतील. म्हणतील, प्रुइटीण अखेर नीट बुडाली."

खाटेवरून हसू आलं, मागून खोकला. टिल्मन उठले. "परिषदेत असाहेलचा उपदेशाचा परवाना जाईल, सांगून ठेवतो."

मी यजमानांकडे पाहिलं. त्यांच्या हाती म्हणून काय ते तो परवानाच होता. ते घोगरं पुटपुटले, "जाऊ द्या. आवाजच नाही, तर परवाना काय चाटायचाय?"

माझा आवाज मात्र खरंच लहान. आई म्हणायची, या पोरीच्या बोलण्यानं दुधावरची सायसुद्धा हलत नाही.

शनिवारी यजमान घोंगडी पांघरून दारात बसले. मी ओढ्यापलीकडे, मक्याच्या खुंटांत जाऊन उभी राहिले. ऐकू आलं तर त्यांनी हात वर करायचा, असं ठरलं.

"डोर्कस!" मी म्हटलं. हात मांडीवरच.

पुन्हा म्हटलं. हात हलला, पण वर नाही आला. त्यांनी तो पोटावर दाबून दाखवला. इथून, म्हणत होते. देवापुढे हळू बोलायची मला सवय. कुणावर ओरडायची नाही. मग हॅडॉक्सचं खोपट आठवलं, दुखण्यात तिच्या उशाला ठेवलेलं पाण्याचं रिकामं मडकं आठवलं, आणि माझ्या पोटातून जे निघालं ते मलाच ओळखू आलं नाही. शेतातले कावळे भर्रकन उडाले. पलीकडे हात वर झाला, आणि कितीतरी वेळ वरच राहिला.

रविवारी रोजच्यासारखे उजाडण्यापूर्वी गुडघे टेकले. प्रभूकडे धैर्य नाही मागितलं. वारा मागितला, अक्रोडाकडून लेटीच्या स्वैपाकघराच्या दाराकडे वाहणारा.

यजमानांनी खोगिराचा पट्टा आवळला. मी नको म्हणत होते, तरी.

"अहो, आत जा. वारं लागेल."

"लागू दे," ते ओठांनीच म्हणाले.

खिंड चढताना लांबून घरघर ऐकू आली. प्रभूच्या दिवशीही हॅडॉक्सनं खरंच गिरणीचं चाक चालू सोडलं होतं. घोडीनं कान टवकारले. मी लगाम सैल सोडला, आणि डोर्कसच्या नावासाठी घसा ओला ठेवायला पाण्याचा एक घोट घेतला.