नऊ भोकांच्या फळीची कैफियत

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल की किडलेलं लाकूड कुणीतरी उगाच कपाटात जपून ठेवलं आहे. तसं मुळीच नाही. मी एक जुनी फळी आहे आणि माझ्या अंगावरची नऊ भोकं मुद्दाम पाडलेली आहेत. त्यांच्या शेजारी एक उथळ खळगा आहे आणि त्यात नऊ लाकडी खुंट्या असतात. एका हाताने एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, सगळ्या बसल्या की एकेक काढून परत खळग्यात टाकायची, एवढाच माझा खेळ. तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं! पण ज्यांच्यासाठी मी जन्मले, त्यांना हा खेळ खेळताना खरोखरच नाकी नऊ येत.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात झाला. तिथल्या सुताराकडे एरवी खाटांचे पाय नि दारांच्या कड्या दुरुस्तीला येत. एके दिवशी एक तरुण डॉक्टरबाई हातात चित्र घेऊन आल्या. भोकं अगदी सारखी हवीत, खुंटी सैल नको आणि घट्टही नको, असं त्यांनी दहादा बजावलं.

सुताराने विचारलं, "बाई, पोरांचं खेळणं आहे का?"

"नाही हो. हात मोजायला हवं आहे."

"हात मोजायला पट्टी पुरते की!"

बाई हसल्या आणि तिथेच लाकडाच्या भुशात बसून त्याला समजावू लागल्या. त्या मेंदूच्या नि मज्जातंतूंच्या डॉक्टर होत्या. मेंदूचे निरोप मज्जातंतूंवाटे हातापायांपर्यंत पोचतात. विजेच्या तारेवर असतं तसं या तंतूंवरही एक आवरण असतं. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या आजारात शरीराचे स्वतःचेच राखणदार हे आवरण कुरतडू लागतात. मग कुणाला एका डोळ्याने अंधुक दिसतं, कुणाचा पाय फरपटतो, कुणाचा हात सांगितलेलं ऐकत नाही. मध्येच बरं वाटतं आणि माणूस निर्धास्त झाला की दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. "हात किती बिघडला, किती सुधारला, हे मला नेमकं कळायला हवं," बाई म्हणाल्या. सुताराने मान डोलावली आणि एका मोडक्या कपाटाच्या दारातून मला कापून काढलं.

तेव्हा या आजारावर देण्यासारखं फारसं काही नव्हतं. बाई आजाराचं नाव सांगायच्या आणि माणूस हात हलवत घरी जायचा. हे त्यांना सहन होईना. एखादं औषध शोधायचंच, असा त्यांनी ध्यास घेतला. त्यांची खोली लांबलचक वऱ्हांड्याच्या टोकाला होती. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या, वेळ मोजायचं घड्याळ आणि मी. सकाळी रुग्ण, दुपारी प्रयोगशाळेतले उंदीर, संध्याकाळी पुन्हा टेबल. बाईंच्या घरच्यांनी त्यांची वाट पाहणं केव्हाच सोडून दिलं होतं.

त्यांना शिकवणारे एक मोठे सर होते. माझा खेळ कसा घ्यायचा, हे त्यांनीच बाईंना शिकवलं. खुंटी पडली तरी उचलून द्यायची नाही. शाबासकी द्यायची नाही. किती वेळ लागला ते सांगायचं नाही. आणि चेहरा कोरा ठेवायचा. बाईंनी सगळं पाळलं, फक्त चेहरा काही त्यांच्या ताब्यात राहिला नाही. कुणाचा हात जरा भरभर चालला की त्यांचे डोळे लकाकायचे. समोरचा माणूस खुंट्यांकडे कमी आणि बाईंकडे जास्त बघायचा. मला हे दिसत होतं, पण फळीला विचारतो कोण?

मित्रांनो, ती माझी भरभराटीची वर्षं होती. दुसऱ्या शहरांतले डॉक्टर येऊन माझी मापं घेऊन जात. मी थोडी चढूनही गेले होते, खोटं कशाला बोलू! शेवटी बाईंच्या प्रयोगशाळेत एक गोळी तयार झाली. उंदरांवर ती गुणकारी ठरली, माणसांना देण्याची परवानगी मिळाली आणि मोजक्या रुग्णांवर पहिली छोटी चाचणी सुरू झाली. सगळ्यांना तीच गोळी द्यायची आणि दर महिन्याला माझ्यावर त्यांचा हात पाहायचा, असं ठरलं.

त्या रुग्णांमध्ये एक घड्याळजी होते. उभं आयुष्य त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली होती. पण उजवा हात दगा देऊ लागला, बारीक स्क्रू हातातून निसटू लागले आणि त्यांना दुकानाला कुलूप लावावं लागलं. पहिल्या दिवशी त्यांच्या हातून माझ्या खुंट्या एकामागून एक जमिनीवर पडल्या. ते मान खाली घालून बसून राहिले. मला फार वाईट वाटलं.

पण पुढच्या महिन्यात त्यांचा हात बरा चालला. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी बरा. बाकीच्यांचंही तेच. बाहेरच्या बाकावर हसणं-खिदळणं ऐकू येऊ लागलं. मोठे सर आकडे बघून गेले आणि जाताना बाईंच्या डोक्यावर हात ठेवून गेले. बाई दार लावून घेऊन रडल्या. मोठ्या सभेत निकाल वाचून दाखवायचा दिवस ठरला. या गोळीने कितीतरी माणसांचे हात वाचणार, या विचाराने माझाही ऊर भरून आला होता.

सभेला आठवडा उरला असताना घड्याळजींच्या जागी त्यांची बायको आली. घड्याळजींना ताप होता.

"आणि एक काम होतं, बाई," त्या पिशवी उघडत म्हणाल्या. "यांच्या फळीची एक खुंटी हरवली आहे. तुमच्या सुताराकडून एक करून मिळेल का?"

पिशवीतून माझी जुळी बहीण बाहेर आली. तीच नऊ भोकं, तोच खळगा, आणि वर माझ्यापेक्षा छान पॉलिश! मला घाम फुटत असता तर तेव्हा दरदरून फुटला असता.

बाईंनी ती हातात घेतली. "ही कुणी केली?"

"यांनी आमच्या शेजाऱ्याकडून करून घेतली. सकाळ-संध्याकाळ तेच चाललेलं असतं. शिवाय फळी फिरती असते हो! बाहेर बाकावर बसणारे सगळे पाळीपाळीने घरी नेतात."

"पण कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? तुम्हाला बरं वाटावं म्हणून. हात चांगला चालला की तुमचा चेहरा कसा फुलतो! हे म्हणतात, बाई आपल्यासाठी एवढ्या झिजतात, निदान आपण त्यांना नापास करायचं नाही."

बाईंनी ती फळी माझ्या शेजारी ठेवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "घरी त्यांच्या शर्टाची बटणं कोण लावतं?"

"मीच की. बटणं, नाडी, डबीचं झाकण, सगळं मीच. त्यातलं काही त्यांना जमत नाही. पण खुंट्या मात्र काय सुरेख लावतात!"

मित्रांनो, काय झालं ते तुमच्या लक्षात आलं ना? त्यांचा हात बरा झाला नव्हता. तो मला पाठ करून बसला होता. कदाचित गोळीचाही थोडा गुण असेल. पण सराव किती आणि गोळी किती, हे आता कुणाला वेगळं काढता येणार होतं?

बाईंनी एकेका रुग्णाला फोन केला आणि घरी हात कसा चालतो ते खरंखरं सांगा, अशी विनवणी केली. काहींनी रडत रडत सांगितलं. काही मात्र तरीही म्हणत राहिले, "उत्तम आहे, बाई, तुम्ही मुळीच काळजी करू नका." फोन ठेवून बाई कपाळाला हात लावून बसल्या.

बाई निकाल मागे घेणार हे कळताच मोठे सर धावत आले. "सगळ्यांनीच सराव केला कशावरून? थोडा तरी गुण गोळीचा असेलच."

"असेल, सर. पण किती?"

"निकाल मागे घेतलास तर या गोळीला पुन्हा कुणी हात लावणार नाही, नव्या चाचणीला पैसाही मिळणार नाही. तुझी एवढी वर्षं पाण्यात जातील."

"आणि नाही घेतला तर हजारो माणसं ती गिळतील. बटणं बायकोकडून लावून घेत गिळतील."

सरांनी माझी एक खुंटी उचलली, बोटांत फिरवली आणि परत ठेवली. "तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मला ते आवडलेलं नाही." एवढं बोलून ते निघून गेले. ते गेले त्या क्षणी बाईंचा चेहरा पहिल्यांदा अगदी कोरा झालेला मी पाहिला.

निकाल मागे घेतला गेला. गोळी बंद झाली. बाईंनी सगळ्या रुग्णांना त्या वऱ्हांड्यात बोलावून घडलं ते सांगितलं. कुणी चिडलं, कुणी गोळी तेवढी चालू ठेवा म्हणून हात जोडले. घड्याळजी काठीवर भार देऊन शेवटपर्यंत उभे होते. सगळे पांगल्यावर ते आत आले.

"म्हणजे आम्हीच घात केला," ते म्हणाले.

"नाही. तुम्ही जीव लावलात. इथे तो लावायचा नसतो, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. उलट माझा चेहरा बघूनच तुम्ही ते शिकलात."

ते खुर्चीत बसले. "बाई, एकच सांगा. गोळी चांगली होती का?"

"माहीत नाही."

"मग कधी कळेल?"

"आता नाही कळणार," बाई म्हणाल्या.

घड्याळजींनी डाव्या हाताने आपल्या उजव्या हाताची बोटं एकेक करून मिटवली आणि तो हात मांडीवर ठेवून दिला.

पुढे इतर ठिकाणी या आजारावर चांगली औषधं निघाली. पण घड्याळजींचा हात तोवर खुंटी धरण्याच्या पलीकडे गेला होता. बाई अजूनही काम करतात. त्यांचे केस पांढरे झाले आहेत. आता चाचणी सुरू होण्याआधीच सगळ्यांना भरपूर सराव करू देतात आणि हात आणखी चपळ होईनासा झाला की मगच मोजायला लागतात. त्यासाठी नव्या प्लॅस्टिकच्या फळ्या आल्या आहेत. मी कपाटात पडून असते. माझ्या दोन भोकांत धूळ जाऊन बसली आहे आणि वर्षानुवर्षं मला कुणी पुसलेलं नाही. त्याचं मला दुःख आहेच, नाही कशाला म्हणू! पण त्याहून मोठं दुःख वेगळंच आहे. त्या गोळीत खरंच गुण असला तर? हा प्रश्न मला लाकडातल्या किड्यासारखा पोखरतो आणि त्याला उत्तर नाही.

म्हणून मित्रांनो, या म्हातारीचं एवढं ऐका. जी माणसं तुमच्यासाठी जिवाचं रान करतात, त्यांना खूश करायला बरं असल्याचं सोंग आणू नका. दुखत असेल तर दुखतं म्हणा. जमत नसेल तर जमत नाही म्हणा. त्यांचा चेहरा पडेल, पडू द्या. तुमचा हात कसा आहे असं कुणी विचारलं, तर तो आहे तसाच पुढे करा.