विजेच्या बसची दमलेली बॅटरी

मित्रांनो, आयुष्यभर मी आवाज न करता काम केले, म्हणून मी तुम्हाला कधी ऐकू आले नसेन. विजेच्या बसची बॅटरी होते मी. आता एका छोट्या दवाखान्याच्या जिन्याखाली असते आणि फार दमले आहे.

माझा जन्म झाला तेव्हा देशोदेशीची सरकारे धुराचे नियम कडक करत होती. आमच्या शहरानेही डिझेलच्या बस हळूहळू बंद करायचे ठरवले आणि मला एका नव्याकोऱ्या बसच्या पोटात बसवले. ती बस एक ताई चालवत. त्यांचे वडील त्याच डेपोत मिस्त्री होते. उभी हयात त्यांनी डिझेलच्या धुरात काढली होती. निवृत्तीनंतर एकदा ते बस बघायला आले आणि हात मागे बांधून तिच्याभोवती फिरले.

"चालू आहे की बंद, तेच कळत नाही. ही कसली गाडी?"

"बाबा, बसा तर खरं," ताई म्हणाल्या.

बाबा बसले. शेवटच्या थांब्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना खोकत म्हणाले, "खिडकी उघडी ठेवता आली, एवढं बरं झालं."

एवढीच शाबासकी, पण मला ती पुष्कळ दिवस पुरली.

मग रोज तेच. चढ, उतार, घाईघाईचे चार्जिंग, पुन्हा चढ. उन्हाळ्यात अंग भाजून निघे, थंडीत त्राण जाई. लोक म्हणत, किती स्वच्छ बस! मीही दमते, हे कुणाच्या गावीही नव्हते. एका दुपारी पुलाच्या चढावर मी गळूनच गेले. मागे गाड्यांची रांग लागली. प्रवासी ताईंवर डाफरले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बसमधून काढल्यावर मी डेपोच्या कोपऱ्यात धूळ खात पडले. अखेर एका कारागीर बाईंनी मला उघडले आणि निकामी भाग बाजूला केले. "धावायचं नाही जमणार हिला, पण बसल्या जागी करील काम," असे म्हणून त्यांनी मला या दवाखान्यात पाठवले. छतावरची सौर पॅनेल मला भरत. वीज गेली की दवाखाना माझ्या भरवशावर चाले.

इथे छातीचे रोगी ऑक्सिजनच्या यंत्राशी तास तास बसतात. एके दिवशी ताईंचा हात धरून बाबा आले. धुराने त्यांची फुप्फुसे पार पोखरली होती.

त्याच दुपारी वादळ झाले. वीज गेली, झाडे पडून रस्ते अडले. आभाळ इतके भरले होते की छतावरूनही मला काही मिळेना. राखीव सिलिंडर एकच होता. तो सिस्टरनी सगळ्यात अत्यवस्थ असलेल्या एका आजींना लावला. बाबांचे आणि आणखी एकाचे यंत्र, पंखे, दिवे, टीव्ही, सारा भार माझ्यावर आला. माझी ताकद भराभर उतरू लागली.

"सिस्टर, पुरेल ना?" ताईंनी हळूच विचारले.

"नुसती यंत्रं ठेवली तर पुरेल बहुतेक. बाकी सगळं बंद करते."

"माझा मोबाइल तेवढा लावू का चार्जिंगला?" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले.

"आज नाही, काका."

पंखे थांबले. अर्धवट अंधारात, उकाड्यात सगळे बसून राहिले. ताई वर्तमानपत्राने बाबांना वारा घालत होत्या.

"कुठली गं ही बॅटरी?" बाबांनी विचारले.

"आमच्या डेपोतली, बाबा. कदाचित माझ्याच बसची."

बाबांनी नाकाशी लावलेली नळी नीट केली. मग म्हणाले, "तिला म्हणावं, बाई, अजून थोडं."

अंगात होते नव्हते ते सारे मी दिले. दिवेलागणीला वीज आली. बाबा आपल्या पायांनी घरी गेले. माझा एक भाग मात्र कायमचा गेला.

तपासायला आलेला माणूस म्हणाला, "हिला मोडीत काढा."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "यंत्रांसाठी नवी आणू. ही राहू दे, दारातल्या दिव्यापुरती."

मित्रांनो, धूर दिसत नाही म्हणून कष्ट पडत नाहीत, असे समजू नका. दमलेल्याचे काम कमी करा. त्याला एकदम उकिरडा दाखवू नका. उद्या हा दिवाही मला झेपणार नाही. तेव्हा मला कचऱ्यात फेकू नका, जाळू तर मुळीच नका. माझ्यातला धातू वेगळा करणाऱ्यांच्या हाती मला सोपवा. त्यातून कुणी नवी बॅटरी घडवील. तिला तरी जपून वापरा.

तोवर संध्याकाळ झाली की मी दिवा लावते. त्याच्या उजेडात, पायरीवर, कुणी ना कुणी दम खात बसलेले असते.