खांद्याने उघडणारं फाटक

माझ्या नणंदेच्या बावीस प्रेमकादंबऱ्या मी टाइप केल्या आहेत, तेव्हा त्यांच्या नायकांचा हिशेब माझ्याइतका चोख कुणाकडे नसेल. चौदा डॉक्टर, पाच वकील, दोन वैमानिक, एक विधुर माळी. धंदे वेगळे, पण डावा खांदा प्रत्येकाचा किंचित पुढे झुकलेला. वाचक विचारतात, "एवढे पुरुष सुचतात कसे तुम्हाला?" वन्सं लाजून हसतात. सुचतात कसले! एकच आहे, कपडे बदलून येतो.

तो आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. जमीनमोजणीच्या खात्यात होता. आमच्या फाटकाची बिजागरी तेव्हाच खचलेली. डावा खांदा लावून उचलल्याशिवाय ते उघडत नाही. नवखा माणूस बाहेरून हाका मारत बसतो. हा मात्र खांदा लावायचा, आणि कडी दोनदा वाजायची. मग बदली झाली. "पत्ता कळवतो," म्हणाला. त्याला तेवीस वर्षं झाली.

वन्सं रोज नऊ ते एक लिहितात, फाटकाकडे तोंड करून. आमचे हे दरवर्षी फाटक दुरुस्त करायचं काढतात आणि दरवर्षी त्यांना तेच उत्तर मिळतं, "दादा, त्याला हात लावायचा नाही." कादंबरीचं शेवटचं वाक्यही दर वेळी तेच. बाहेर कडी दोनदा वाजली.

तेविसावीचं हस्तलिखित देताना मात्र त्या म्हणाल्या, "वहिनी, या वेळी तो येत नाही. आणि दादाला सांग, वेल्डरला बोलाव."

मी नुसतं "बरं" म्हटलं. जास्त विचारलं असतं तर दोघींचीही पंचाईत झाली असती.

प्रूफं आली त्याच सकाळी वेल्डरही आला. वन्संनी आधी शेवटचं पान काढलं आणि त्यांची पेन्सिल थबकली.

"हे मी लिहिलेलं नाही."

मी वाकून पाहिलं. 'ती उठली आणि तिने दार लावून घेतलं' इथे त्यांचं पुस्तक संपत होतं. त्याखाली मी टाइप केलं होतं, 'बाहेर कडी दोनदा वाजली.'

"मुद्दाम नाही हो, वन्सं. बावीस वेळा केलंय, बोटं आपसूक गेली."

"म्हणजे तुझ्या बोटांनाही सवय लागली."

"बोटांचं सोडा. फाटक वाजलं की माझेही कान टवकारतात."

"कधी बोलली नाहीस."

"बोलायचं काय त्यात? माणूस तुमचा, वाट बघणारी मी कोण?"

त्या हसल्या. मग पट्टी ठेवून माझी ओळ नीट खोडली, आणि उठून अंगणात गेल्या. तिथे हे वेल्डरला बिजागरी दाखवत होते.

"दादा, राहू दे."

"अगं, तूच बोलावलंस ना त्याला?"

"पुस्तकातलं दार लावलंय. एका वेळी एकच."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून मान हलवली. बिचारा वेल्डर अवजारं गोळा करून निघाला, पण फाटक काही त्याला उघडेना. शेवटी ह्यांनीच खांदा लावला.

कडी दोनदा वाजली. मी एव्हाना दुरुस्त्या उतरवायला बसले होते. कुणी वाजवली ते ठाऊक असूनही मान वर झालीच. वन्सं तर चार पावलांवर, घराकडे येत होत्या. त्याही वळल्या.